वाढदिवसाच्या करंज्या

सलग चार नाताळ त्यांच्या घरून शेजारीपाजारी करंज्या गेल्या, आणि चारही वेळा सांगितलं गेलं की मुलीचा वाढदिवस आहे. मुलीचा वाढदिवस जूनमधला.

प्रकरण नाशिकच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. मी निवृत्त शिक्षक. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पाळकसाहेबांसोबत (धर्मगुरूंसोबत) घरभेटी करतो, कोणी बोलायला आलं तर ऐकून घेतो. ज्याच्याबद्दल लिहितोय तो लहानपणी माझ्या संडे स्कूलमध्ये होता, म्हणून इथे त्याला अरेतुरे केलंय. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे नोकरीचे, वस्तीचे तपशील बदलले आहेत. घरच्यांनी लिहायला हरकत घेतली नाही. बायकोने मात्र एक अट घातली: "सर, माझी बाजू गाळायची नाही." गाळलेली नाही.

घर मिळालं त्याची गोष्ट

तो शरणपूरचा. ज्यांना नाशिक फक्त रामकुंड आणि द्राक्षांमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. शरणपूर ही एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणून शिकवली गेली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट १८७३ मध्ये प्रवासी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचं शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला त्याचाही हात लागला होता. आम्ही संडे स्कूलच्या मुलांना हे अभिमानाने सांगायचो, यालाही सांगितलं होतं. गावाच्या नावातच 'शरण' आहे. इथे जो येईल त्याला आसरा, असं काहीतरी मी त्या वयाच्या मुलांपुढे बोलत असे.

लग्नानंतर सात-आठ वर्षांनी त्याला गंगापूर रोडच्या बाजूला भाड्याने घर हवं होतं. मुलीची शाळा तिकडे, आणि अंबडला कारखान्यात जायला कंपनीची बसही तिकडून मिळायची. दोन घरं हातची गेली. एका ठिकाणी मालकाने धर्म विचारला, याने खरं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कळलं की घर आधीच दुसऱ्याला दिलंय. तिसऱ्या घराच्या वेळी एजंट म्हणाला, "तुमच्या नावा-आडनावावरून काही कळत नाही, ते बरंय. विचारलं तरच सांगा, आणि विचारलं तरी सांगायलाच पाहिजे असं नाही."

मालक-मालकीण खालीच राहत. म्हातारं जोडपं, स्वभावाने मायाळू. काकांनी विचारलं, "घरात देवाचं वगैरे करता ना?" हा म्हणाला, "करतो की." हे तसं खोटं नव्हतं. चार महिन्यांनी काकूंनी विचारलं, "शरणपूरचे म्हणजे ख्रिश्चन तर नाही ना?" तेव्हा हा हसून म्हणाला, "छे हो." हे मात्र खोटं होतं. ते हसणं त्याने मला तीनदा तरी करून दाखवलं. शब्दापेक्षा त्याला त्या हसण्याचीच जास्त लाज वाटत होती.

पुढचं सगळं त्या 'छे हो'चं व्याज. रविवारी मंडळीत जाताना बायबल पिशवीत. मग शरणपूरऐवजी नाशिकरोडला, जिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही. मग मोबाइलवर उपासना, तीही कानात इअरफोन घालून. मग तेही नाही. दाराबाहेर दिवाळीत आकाशकंदील लागला, नाताळात चांदणी लागली नाही. (आकाशकंदील लावण्यात गैर काही नाही. आमच्यातली कितीतरी घरं शेजाऱ्यांच्या आनंदासाठी लावतात. इथे तो लपण्यासाठी लावला गेला, एवढाच फरक.) त्याने धर्म सोडला नाही, दुसरा घेतला नाही, कशापुढे हात जोडले नाहीत. मला तो सुरुवातीला हेच पुन्हा पुन्हा सांगत होता: "सर, मी काही केलं नाही. फक्त बोललो नाही."

दुसऱ्या वर्षी वडील गेले आणि आई राहायला आली. सोबत कापडात बांधलेलं बायबल, गीतांचं जीर्ण पुस्तक आणि वचनांचं कॅलेंडर. कॅलेंडर तिने हॉलमध्ये लावलं. त्याने त्याच संध्याकाळी काढून कपाटाच्या दाराला आतून लावलं. "आई, इथे जरा वेगळं वातावरण आहे." आई काही बोलली नाही. ती पहाटे गायची, तर त्याने "जरा हळू" म्हटलं. त्यानंतर गाणं बंद झालं असं त्याला वाटलं. दीड वर्षाने त्याला कळलं की सकाळी सहाला पाण्याची मोटर सुरू झाली की आई स्वयंपाकघरात उभी राहून गाते, आणि मोटर थांबली की थांबते.

मुलगी

चौथ्या नाताळानंतर शाळा सुरू झाली तेव्हा तिसरीतल्या मुलीला बाईंनी सगळ्यांसारखंच विचारलं, "सुट्टीत काय केलं? नाताळ कोणाकडे असतो?" मुलीने घरी येऊन आजीला विचारलं, "आजी, आपण ख्रिस्ती आहोत हे गुपित आहे का? मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे माझा वाढदिवस असतो."

आजीने मुलाला जेवताना हे जसंच्या तसं सांगितलं. टोमणा न मारता, कुणी आल्याचा निरोप द्यावा तसं. तो त्या रात्री जेवला नाही. दोन दिवसांनी पाळकसाहेबांकडे गेला, त्यांनी माझ्याकडे पाठवला.

माझी चूक

पहिली भेट चाळीस मिनिटांची झाली. तो रडला. मी योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन वाचलं, पाप पदरी घेतलं तर तो विश्वासू आणि न्यायी आहे म्हणून क्षमा करील. प्रार्थना केली. म्हटलं, "देवाने क्षमा केली, आता मागचं उगाळू नकोस. रविवारी ये." तो हलका होऊन गेला. मीही खूश होऊन चहा ठेवला.

रविवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. तीन आठवड्यांनी आला तो असं म्हणत, "सर, तुम्ही मला फार स्वस्तात सोडलंत."

मला ते लागलं, कारण खरं होतं. मी जे वाचलं त्यात काही चूक नव्हती. पण मी त्याला काही विचारलंच नव्हतं. काय नाकारलंस, कोणापुढे, त्याची झळ कोणाला बसली, काही नाही. रडणाऱ्या माणसापुढे बसणाऱ्याला एक घाई असते, आणि ती बरेचदा स्वतःची अस्वस्थता संपवण्याची असते. क्षमेचं वचन मी झाकणासारखं वापरलं.

आपल्या शब्दातही थोडी गोम आहे. पश्चात्ताप म्हणजे नंतरचा ताप, मागून होणारी जळजळ. जुन्या करारातला हिब्रू शब्द 'शूव' मात्र साध्या चालण्याचा आहे: मागे वळणं, परत येणं. नव्या करारातला ग्रीक शब्द 'मेटानोइया' म्हणजे मन पालटणं. मराठीत आपण जळजळीपाशीच थांबू शकतो आणि झालं असं समजू शकतो. त्याला ताप भरपूर होता, पण वळण्यासाठी रस्ता मी दाखवलाच नव्हता.

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. शुक्रवारचे उपवास, दशांशाच्या दुप्पट दान, रात्री दोनपर्यंत बायबल. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली ती वचनं त्याने लाल पेनने अधोरेखित करून आणली: एकदा प्रकाश मिळाल्यावर जे पतित झाले त्यांना पश्चात्तापासाठी पुन्हा नवं करणं अशक्य. "हे माझ्याबद्दल आहे ना?" मी त्याला त्याच अध्यायातलं नववं वचन वाचायला लावलं, जिथे लेखक त्याच वाचकांना 'प्रियजनहो' म्हणून सांगतो की तुमच्याविषयी आमची खात्री याहून चांगली आहे. आणि म्हटलं, ज्याचं मन पुरतं निबर झालं तो रात्री दोनला हे वचन शोधत बसत नाही. त्याला ते पटलं असं मला वाटलं नाही. पण पेन त्याने खिशात ठेवलं.

हे भांडण जुनंच आहे

त्याच्या "फक्त बोललो नाही"वर मला उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या कार्थेज शहराची आठवण झाली आणि मी त्याला ती हकिकत सांगितली. इ.स. २५० च्या सुमारास रोमी सम्राट डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. असे चाळीसहून जास्त दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी दिला नाही, अधिकाऱ्याला पैसे देऊन नुसता कागद मिळवला. छळ ओसरल्यावर हे सगळे मंडळीच्या दाराशी आले, आणि प्रश्न उभा राहिला: घ्यायचं की नाही?

रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, देव क्षमा करील तर करो, मंडळीने परत घेऊ नये. तुरुंगात हाल सोसलेले काहीजण उलट वाटेल त्याला शिफारसपत्र देऊ लागले. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधे. तो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता, आणि त्यावरून लोकांनी त्याला बोल लावले होते. २५१ मध्ये तिथल्या बिशपांच्या सभेने ठरवलं: ज्यांनी फक्त दाखला घेतला त्यांचं एकेकाचं प्रकरण पाहून परत घ्यावं, ज्यांनी बळी दिला त्यांना पश्चात्ताप करत राहू द्यावं आणि मरणाच्या वेळी तरी प्रभुभोजनापासून (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीपासून) वंचित ठेवू नये. पुढे नव्या छळाची चाहूल लागली तेव्हा हेही सैल केलं, लढाईला पाठवायचं तर उपाशी कसं पाठवणार म्हणून. ३२५ मध्ये निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेचा अकरावा नियम नंतरच्या अशाच एका छळात विनादडपण ढळलेल्यांसाठी आहे: तीन वर्षं ऐकणाऱ्यांत, सात वर्षं दंडवत घालणाऱ्यांत, दोन वर्षं प्रार्थनेत पण प्रभुभोजनाविना. म्हणजे एकूण बारा.

तो ऐकून म्हणाला, "म्हणजे मी कागद घेणाऱ्यांतला." तेव्हापासून त्याने "मी काही केलं नाही" म्हणणं सोडलं. उपदेशाने जे झालं नाही ते या जुन्या कागदांनी केलं. आपल्या पापाला नाव आणि जात मिळाली की माणूस त्याच्याकडे बघू शकतो. धूसर असतं तोवर ते एक तर नसतं किंवा आभाळाएवढं असतं.

"बारा वर्षं?" त्याने विचारलं. त्याला ती हवीच होती असं वाटलं.

यहूदा काय चुकला

दंडाची त्याची ओढ बघून मी मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय काढला. तीस रुपयांसाठी येशूला पकडून देणाऱ्या यहूदाला पस्तावा झाला. त्याने "मी पाप केलं" असं उघड म्हटलं. तीस रुपये परत नेऊन दिले. दुःख, कबुली, भरपाई, काही बाकी ठेवलं नाही. मग बिघडलं कुठे? माझं वाचन असं, कोणी मानावं असा आग्रह नाही: तो ज्यांच्याकडे कबुली द्यायला गेला त्यांनी म्हटलं, त्याचं आम्हाला काय, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच बाहेर पडला. येशूला ओळखतच नाही असं तीनदा म्हणणारा पेत्रही बाहेर जाऊन रडला, पण पुनरुत्थानाच्या सकाळी तो बाकीच्यांतच सापडतो. ज्यांना त्याचं नाकारणं नक्कीच कळलं असणार, त्यांच्यातच.

पेत्राचं आणखी एक. मुख्य याजकाच्या वाड्यात त्याने नाकारलं तेव्हा तो कोळशाच्या विस्तवापाशी शेकत उभा होता. योहानाने तिथे वापरलेला ग्रीक शब्द नव्या करारात आणखी फक्त एकदाच येतो: एकविसाव्या अध्यायात, तळ्याकाठी, जिथे येशूने विस्तव पेटवून मासे आणि भाकर ठेवलेली असते. ज्या धगीपाशी नाकारलं तशाच धगीपाशी विचारणा. आणि क्रम बघा. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" हा प्रश्न न्याहारी झाल्यावर येतो. आधी खाऊ घातलं, मग विचारलं. पण विचारलं, तीनदा.

मी पहिल्या दिवशी खाऊ घातलं आणि विचारलं नाही. तो स्वतःला विचारत सुटला होता आणि खात नव्हता. आमच्या दोघांच्या चुका त्या तळ्याकाठी एकदमच दिसल्या.

पाळकसाहेबांना हे बोललो. ते थोडकं बोलतात. म्हणाले, "मग पहिल्या रविवारी त्याला मेजाशी येऊ दे. बाकीचं नंतर." महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. त्याला ते पचेना. आधी घरमालकाला सांगतो, मग येतो, असं त्याचं म्हणणं. पाळकसाहेब म्हणाले, "मेज हे बक्षीस नाही रे." त्याला मंडळीपुढे साक्षही द्यायची होती. त्याला मी विरोध केला. साक्षीत पाप लवकरच गोष्ट होतं आणि सांगणारा नायक. शिवाय त्यात आई, बायको, मुलगी तिघींचं आयुष्य उघडं पडणार होतं, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सामुदायिक पापांगीकारात सगळ्यांबरोबर तेच शब्द म्हण, एवढंच ठरलं.

तो आईशेजारी गुडघे टेकून बसला. मागच्या बाकावरून मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

आई

त्या आधी, आदल्या रात्री, त्याने आईची क्षमा मागितली. मला वाटलं होतं आई म्हणेल, अरे मी केव्हाच माफ केलं. आई तसं म्हणाली नाही. म्हणाली, "मला वाईट वाटलं. तुझे बाबा असते तर त्यांनाही वाटलं असतं. क्षमा केली. आता ते कॅलेंडर कपाटातून काढ." तो उठला तर म्हणाली, "मागच्या वर्षीचं आहे ते. नवीन आणावं लागेल."

मी तिला नंतर विचारलं, दीड वर्ष मोटरच्या आवाजात गायलात, राग नाही आला? "आला ना. रागातच गायचे." क्षमेचा अर्थ झालेलं काहीच नव्हतं असा घेणाऱ्यांनी या बाईंकडून चार गोष्टी शिकाव्यात.

बायकोची बाजू

आता तिची अट. ती श्रीरामपूरकडच्या ख्रिस्ती घरातली, सरळ बोलणारी. घरमालकाला सांगायचं ठरलं तेव्हा ती माझ्या घरी आली. "सर, खोटं बोलायचं यांनी ठरवलं, तेव्हा मला विचारलं नाही. खरं सांगायचं तुम्ही दोघांनी ठरवलं, तेव्हाही विचारलं नाही. करंज्या मी केल्या, वाढदिवस म्हणून द्यायला मीच गेले, माझी लाज कोणी मोजली? आणि घर गेलं तर मुलीची रिक्षा, शाळा, सामान, हे कोण बघणार? पश्चात्ताप यांचा, आणि डिपॉझिट आमचं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं की सांगायचं की नाही हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, मी मध्ये पडणार नाही. जो धर्म विचारून घर नाकारतो त्याचा दोष मोठा आहे, आणि त्या दोषाचं ओझं भाडेकरूने खोटं बोलून किंवा खरं बोलून का वाहावं, हा तिचा प्रश्न आजही मला रास्त वाटतो. घरमालकाला सांगणं हा क्षमेचा भाग आहे असं मी मानत नाही. क्षमा त्याआधीच झाली होती. पण मुलीला 'गुपित' शिकवलं गेलं होतं, आणि ते तिच्यासमोर मोडल्याशिवाय मोडणार नव्हतं. शेवटी बायकोनेच ठरवलं: "सांगू. पण मी सांगणार. माझ्या करंज्या होत्या."

एका संध्याकाळी चौघंही खाली गेले. तिने सांगितलं. काका गप्प राहिले. काकूंना धर्मापेक्षा दुसरंच लागलं: "चार वर्षं मी त्या पोरीच्या हातात वाढदिवसाचे पैसे ठेवले गं." ते बायकोच्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्याही नाही. भरपाईचा हिशोब आपण करतो तेव्हा असं एखादं पाकीट हमखास राहून जातं. दुसऱ्या दिवशी चार वर्षांचे पैसे पाकिटात घालून मुलगी खाली गेली. काकूंनी पाकीट घेतलं, मोजलं नाही, तिला परतही दिलं नाही.

अकरा महिन्यांचा करार मे महिन्यात संपत होता. काका म्हणाले, पुतण्या येतोय राहायला. पुतण्या खरंच आला का, हे कोणी जाऊन बघितलं नाही. डिपॉझिट पूर्ण मिळालं.

सध्या

जूनच्या आधी ते इंदिरानगरकडे गेले. घर लहान, भाडं दीड हजाराने जास्त, शाळेला रिक्षा लांबून. बायको माझ्याशी बोलते, पूर्वीइतकी नाही. तो रविवारी येताना वाटेतल्या दोन म्हाताऱ्या बायकांना गाडीतून घेऊन येतो. हे काम पाळकसाहेबांनी त्याच्या गळ्यात मारलं, त्याला काय वाटतं ते न विचारता. शुक्रवारचा उपवास सुटला. मधूनमधून तो उदास होतो, तेव्हा फोन करतो आणि मी आता आधी विचारतो, "जेवलास का?"

नवं कॅलेंडर हॉलमध्ये, दारासमोर आहे. नव्या घरी पाण्याच्या मोटरची वेळ ठरलेली नाही, त्यामुळे आई पहिल्या दिवसापासून पहाटे साडेपाचला पूर्ण आवाजात गाऊ लागली. आठवड्याभरात वरच्या मजल्यावरून सोसायटीकडे तक्रार गेली. धर्माचा त्यात उल्लेख नव्हता. पहाटे झोपमोड होते, एवढंच. आता ती साडेसहाला गाते.